लाल खडकावरची सायकल: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: मी अमेरिकेत डेन्व्हरला असतो. पुण्यात होतो तेव्हा दर रविवारी सायकलने सिंहगड करायचो. ऑक्टोबरात युटामधल्या मोॲबला जायचंय. तिथला स्लिकरॉक ट्रेल फक्त 17 किमीचा दिसतोय, मग सकाळी तो, दुपारी अजून एखादा आणि रात्री परत, असं जमेल का? आणि नावातच स्लिक आहे तर टायर घसरत नाही का? माझी साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली सायकल, चालेल ना?

उत्तर: ऑक्टोबर निवडलात ते फार छान केलंत. उन्हाळ्यात तिथे पारा सहज 38 च्या वर जातो आणि ट्रेलवर सावली जवळजवळ नाहीच. पण त्याच रात्री परत निघायचं डोक्यातून काढून टाका प्लीज, डेन्व्हर ते मोॲब साडेपाचशे किमीच्या वर आहे, दिवसभर सायकल मारलेल्या माणसाने रात्री तेवढं ड्राइव्ह करू नये. आदल्या रात्री पोचा, राइडनंतरची रात्रही तिथेच काढा.

आता ते 17 किमी. सिंहगडाचा घाट एका लयीत चढता येतो, श्वास बसतो, पाय लागतात. इथे लयच मिळत नाही हो, एक उंचवटा भिंतीसारखा समोर येतो, जीव खाऊन वर गेलात की लगेच तेवढाच उतार, खाली पोचलात की पुढची भिंत, आणि हे असं तासन्‌तास चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला 3-4 तास सहज लागतात, मी तर चार धरूनच चालायला सांगते. सुरुवातीला साधारण साडेतीन किमीचा प्रॅक्टिस लूप, म्हणजे सरावाचा गोल फेरा आहे, नावावरून तो सोपा वाटतो पण त्याचे चढउतार मोठ्या ट्रेलसारखेच आहेत, फक्त अंतर कमी. आधी तो करा आणि तो झाल्यावर पाय थरथरत असतील तर तिथूनच मागे फिरा. दुपारचा दुसरा ट्रेल मी तुमच्या जागी असते तर धरलाच नसता.

घसरण्याचं म्हणाल तर ते नाव घोड्यांच्या काळातलं आहे, लोखंडी नाल आणि गाड्यांच्या लोखंडी धावा या खडकावर घसरायच्या. रबराचं तसं नाही, टायर खडकाला असा धरतो की रस्त्यावर कधी चढवणार नाही असा चढही चढता येतो. हा नवाहो वालुकाश्म आहे, साधारण 18-19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या दगड होऊन बसल्यात, त्यामुळे हात लावला की पॉलिश पेपरसारखा लागतो, आणि पडलात तर कातडीही तशीच सोलून निघते. म्हणून पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज आणि नी पॅड घालाच. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, सीटच्या पुढच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे झुकवा. उतारावर सीट खाली, वजन मागे, आणि पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. हार्डटेल चालते, पण मी भाड्याने फुल सस्पेन्शन घ्या म्हणेन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली, आणि ड्रॉपर पोस्टवाली, म्हणजे चालवता चालवता बटणाने सीट खाली-वर करता येणारी.

रस्ता खडकावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवलाय, पिवळी खूण दिसली की समोर धोका आहे असं समजून उतरा आणि आधी बघून घ्या. 1969 मध्ये हा ट्रेल मोटरसायकलवाल्यांसाठी आखला होता, आजही मोटरसायकली येतात, त्यामुळे आवाज आला की बाजूला व्हा.

पाणी माणशी किमान 4 लिटर. हा ट्रेल ज्या सँड फ्लॅट्स भागात आहे तिथे प्यायचं पाणी मिळत नाही, सगळं गावातूनच न्यायचं. मी पहिल्यांदा मे महिन्यात दोनच लिटर घेऊन गेले होते, अर्ध्यातच संपलं, तोंडाला कोरड पडली, डोकं ठणकायला लागलं आणि सोबतच्या मैत्रिणीने तिच्यातलं दिलं म्हणून परत आले. तेव्हापासून एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर आणि खिशात दशमी-गूळ असतोच.

आणि एक कळकळीची विनंती. खडकांच्या मधे मातीवर भाताच्या करपलेल्या खरवडीसारखा काळपट, खडबडीत थर दिसेल, तो जिवंत आहे. सूक्ष्म जीव, शेवाळं, दगडफूल यांनी मिळून ती माती धरून ठेवलीय म्हणून तिथे झुडपं उगवतात. एक चाक गेलं की तो तुटतो आणि परत यायला कित्येक दशकं लागू शकतात. फोटोसाठीसुद्धा त्यावर पाय ठेवू नका, सायकल टेकवायची तर खडकावरच टेकवा.

प्रश्न: आम्ही दोघं आणि 12 वर्षांची मुलगी, तिघंही माउंटन बाइकिंगला नवीन. मोॲबला आमच्यासाठी काही आहे का, की नुसतं बघून यायचं?

उत्तर: आहे की! डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्कमध्ये इन्ट्रेपिड नावाचे ट्रेल आहेत, सगळ्यात छोटा लूप दीडेक किमीचा. तो जमला तर त्यालाच जोडून पुढचे मोठे लूप घेता येतात, नाही जमला तर गाडी जवळच असते. कडा मात्र खरा आहे, खाली 600 मीटरवर कोलोरॅडो नदीचं वळण दिसतं, तिथे मुलीला सायकलवरून उतरवून हात धरूनच न्या. दुसरा पर्याय गावाच्या उत्तरेचा बार-एम लूप. आणि मुलीला डायनासोर आवडत असतील तर क्लॉन्डाइक ब्लफ्सला खडकात उमटलेली त्यांची पावलं आहेत, पण तो भाग जरा दमवतो, दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

प्रश्न: आर्चेस नॅशनल पार्क तिथून अगदी जवळ आहे, कमानींपर्यंत सायकल नेता येते का?

उत्तर: नाही. पार्कात सायकल फक्त गाड्यांच्या रस्त्यांवर चालते, पायवाटांवर बंदी आहे. कमानी चालतच बघा, संध्याकाळच्या उन्हात तो खडक जो काही पेटतो ना, तो सायकलवरून मान वर करून बघण्यासारखा नाहीच, खाली बसून बघायचा.