सिस्टरला विचारा : मामांची कूस, तुमची कंबर

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. आम्ही परळी तालुक्यातले. माझ्या सासऱ्यांना (वय ६२) दिवाळीच्या आधी लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं बंद झालं. घरी आणून दीड महिना झाला. दरसाल आम्ही दोघं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातो. आगाऊ उचल घेतलेली, म्हणून यंदा हे एकटेच अर्ध्या कोयत्यावर (जोडीचा एक कोयता धरतात) गेले, मी मागं राहिले. घरात मी, सासूबाई आणि नववीतला मुलगा. मामांच्या माकडहाडापाशी लाल झालंय, मधे कातडी सोलली आहे. हवेची गादी आणली, पण लाइट गेली की ती बसते. चहा पाजला की ठसका लागतो. नणंद भेटायला आली की मामा हमसून रडतात. ती म्हणते, तुम्ही नीट करत नाही म्हणून रडतात. गावातले पारव्याचं रक्त चोळायला सांगतात. माझी कंबर धरली आहे. काय करू? (नाव छापू नका.)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कंबरेचं तुम्ही शेवटी लिहिलंय, पण मी ते विसरणार नाही.

आधी ठसक्याचं, कारण त्यात वाट पाहून चालत नाही. लकव्यात घशाचे स्नायूही ढिले पडतात. चहा, पाणी, पातळ वरण घशातून सरकन जातं आणि गिळायच्या आत श्वासनळीत उतरतं. तिथून फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. काहींना तर ठसकाही येत नाही, नुसता आवाज ओला, घरघरता होतो. म्हणून उद्याच त्यांना दवाखान्यात न्या आणि ‘गिळणं तपासा’ असं स्पष्ट सांगा. काही दिवस नाकातून नळी घालावी लागली तर घाबरू नका, ती उपाशी राहण्यापेक्षा आणि छाती भरण्यापेक्षा बरी. ताप, धाप, छातीत घरघर असेल तर उद्याची वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

डॉक्टरांनी तोंडानं द्यायला सांगितलं की मग माझी पद्धत. मामांना ताठ बसवायचं, पाठीला उशा, हनुवटी किंचित छातीकडे. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून वरणात घोटा, चमचा तिरका केला की धार न लागता गोळ्यानं पडेल इतपत घट्ट. भाकरीचा काला दुधात देऊ नका. त्यात पातळही असतं आणि तुकडेही, दोन्ही एकदम सांभाळणं त्यांच्या घशाला जमत नाही. अर्धा चमचा, डाव्या बाजूनं, गिळल्यावर दुसरा. नंतर उजव्या गालात बघा, तिथं घास साठून राहतो आणि त्यांना कळत नाही. बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढा. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा.

आता जखम. लाल जागेवर बोट दाबून सोडा. क्षणभर पांढरी होऊन परत लाल झाली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर आतलं मांस दबून दुखावलंय. तिथं चोळू नका. मालिशनं रक्त फिरेल असं वाटतं, पण दुखावलेलं मांस अजून फाटतं. हळद, पावडर, राख काही नको. मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं (सलाइननं) धुवायचं आणि वर डॉक्टर सांगतील तीच पट्टी. जखम काळी पडली, वास आला, खोल गेली की वाट पाहायची नाही.

औषधापेक्षा काम करते ती दर दोन तासांनी बदललेली कूस. पूर्ण कुशीवर आडवं करायचं नाही. पाठीमागं वाकळेची घडी घालून अर्धं कलतं ठेवायचं, म्हणजे भार ना माकडहाडावर येतो ना कमरेच्या हाडावर. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. भिंतीला कॅलेंडरचं पान लावा आणि वेळेपुढं डावी, उजवी एवढं लिहा. रात्री दहाची पाळी मुलाला द्या. नववीतला मुलगा हे काम नक्की करतो, मी पाहिलंय. लाइट गेली की गादीच्या दोन्ही नळ्या पंपापासून काढून दुमडून रबरानं बांधा, हवा थोडा वेळ टिकेल. पण गादी असली तरी कूस बदलायचीच.

अंगाखाली जुनं लुगडं चौघडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंथरा. दोघी दोन्हीकडून ते धरून मामांना उचला आणि सरकवा. काखेत हात घालून ओढू नका, लुळा खांदा निखळतो आणि तो फार दुखतो. बाज झोळ पडलेली असेल तर वर फळी टाका आणि बाजेच्या चारही पायांखाली एकसारख्या विटा लावा. तुम्हाला वाकावं लागायला नको. तुमची कंबर मामांनी नाही, त्या खाली गेलेल्या बाजेनं धरली आहे.

पारव्याच्या रक्तावरून आठवतं. माझ्या वडिलांना लकवा झाला तेव्हा मला नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. सुट्टी काढून घरी पोचले तर आत्यानं प्रेमानं तापल्या विटेचा शेक दिलेला. टाचेवर लिंबाएवढा फोड, आणि वडिलांना चटका कळलाच नव्हता. तो भरायला तीन महिने गेले. आत्या आयुष्यभर हळहळली. मी शिकलेली, पण ‘बधिर अंगाला शेक देऊ नका’ एवढं घरी सांगून ठेवलं नव्हतं. लकव्याचं मूळ मेंदूतल्या अडलेल्या किंवा फुटलेल्या रक्तवाहिनीत असतं, कातडीवर काही चोळून तिथं पोचत नाही. त्या पारव्याच्या पैशांत अंडी आणा. जखम भरायला तेच लागतं.

मामांच्या रडण्याबद्दल नणंदेला हे पान वाचून दाखवा. लकव्यानंतर रडू आवरण्याचा लगामच सुटतो. माणूस आनंदातही हमसतो, ओळखीचा चेहरा दिसला की लगेच. त्यात खरं दुःखही असतंच, पुष्कळांना नैराश्य येतं, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घाला. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं समजू नका. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू नका, त्यांच्याशी बोला. ‘काय हवं?’ असं न विचारता ‘पाणी?’ विचारा आणि डोळ्यांकडे बघत थांबा. उत्तराला वेळ लागतो.

धुणं-पुसणं सासूबाईंनी करावं, तुम्ही लुगडं धरावं. संकोच तुम्हालाच असतो असं नाही, सुनेसमोर उघडं पडलेल्या मामांनाही असतो. आणि नणंदेला सांगा, ‘ताई, महिन्याला चार दिवस तुम्ही या.’ विनंती म्हणून नाही, हक्कानं सांगा. वडील त्यांचेही आहेत. अपंगत्वाच्या दाखल्याचं सरकारी रुग्णालयात विचारा. तो हाती आला की संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला चौकशी करा.

---

प्रश्न : मुलाला (वय १७) फिट येते. लोक चप्पल, कांदा हुंगवतात, दातांत चमचा घालतात. खरं काय करावं? (हिंगोली)

उत्तर : यातलं काहीच नको. चमच्यानं दात तुटतात, तुकडा घशात जातो. घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याची बटणं मोकळी, झटके ओसरू लागले की एका कुशीवर. धरून दाबू नका. पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर १०८. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नाही. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका, फिट पुन्हा येण्याचं ते मोठं कारण आहे. विहिरीच्या कडेला आणि पाण्याच्या मोटारीजवळ त्याला एकटं पाठवू नका.