बाबांच्या आजाराचं ओझं लेकीच्या दप्तरात नको

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडखळलो. जाहिरातीतला क्लिनिकल रिसर्चचा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय अभ्यासांचा, वर्षभराचा डिप्लोमा लेकीने करावा आणि बाबांच्या आजारावर औषध शोधावं, असं तुम्हाला वाटतं. मुलगी म्हणाली, मला सीए व्हायचंय. तुम्ही म्हणालात, 'बाबांपेक्षा हिशेब मोठे का?'

मिस्टरांना ५४ व्या वर्षी फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे वागणं नि भाषा बिघडवणारा मेंदूचा आजार, झाला. हॉटेलात त्यांनी परक्या माणसाच्या ताटातला पापड उचलून खाल्ला, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात कालवलं. ते न सांगता बाहेर पडतात, म्हणून दाराची किल्ली लेकीच्या दप्तरात असते. सतरा वर्षांची पोर एवढं करतेय. त्यात 'तू क्लिनिकल रिसर्च करून औषध शोध' हे कशाला? उद्या औषध निघालं नाही, तर ती स्वतःलाच दोषी धरेल.

त्या वर्षभराच्या डिप्लोमातून औषध शोधता येत नाही. संमतिपत्रं, रुग्णांच्या तारखा, नोंदींची पडताळणी, अशी नोकरी मिळते. काम जबाबदारीचं आहे, पण तुम्हाला वाटतं ते नव्हे. शिवाय प्रत्येक अभ्यासात औषध असतंच असंही नाही. युरोप-कॅनडातल्या 'जेनफी' अभ्यासात हा आजार आनुवंशिक असलेल्या घरांतली माणसं वर्षानुवर्षं एमआरआय, रक्त, भाषेच्या नि वागण्याच्या चाचण्या देतात. आजार लक्षणांआधी कधी सुरू होतो, हे त्यातून कळतं. प्रागचे डॉक्टर अर्नोल्ड पिक यांनी असा रुग्ण १८९२ मध्ये नोंदवला. काही घरांत या आजारामागे असलेला, प्रोग्रॅन्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जीनमधला दोष २००६ मध्ये सापडला. ते प्रथिन वाढवणारं लॅटोझिनेमॅब हे औषध चाचणीत आलं, प्रथिन वाढलंही, पण २०२५ च्या निकालात आजाराचा वेग कमी झाला नाही. मोठमोठ्या चमूंची ही गत, ताई.

तिला स्वतःला ओढ असती तर 'नीट' परीक्षा देऊन एमबीबीएस, पुढे न्यूरॉलॉजी, किंवा एमएस्सी-पीएचडी हे रस्ते होतेच.

तिची जीन-तपासणी आत्ता करू का, असंही विचारलंत. मुळीच नको. हा आजार सगळ्याच घरांत आनुवंशिक नसतो. आधी मिस्टरांच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोला. त्यांच्यात जीनदोष सापडलाच, तरी मुलांमध्ये तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि स्वतःबद्दल जाणून घ्यायचं की नाही हे ती सज्ञान झाल्यावर, समुपदेशन घेऊन, तीच ठरवेल.

सीए फाउंडेशनची नोंदणी तिला करू द्या. दुपारी मिस्टरांजवळ बसायला नात्यातलं कुणी किंवा पगारी माणूस बघा, आणि या आठवड्यातच ती किल्ली तिच्या दप्तरातून काढून घ्या.