पिवळी समुद्रकाकडी बारीक होतेय? विषाचं नंतर बघू, आधी पोटाचं बघा

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला घेतलं, कारण ही लक्षणं माझ्या चांगल्याच ओळखीची आहेत. न्यू जर्सीत तुमचा 75 गॅलनचा रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक), त्यात चार महिन्यांपूर्वी आणलेली ही पिवळी समुद्रकाकडी, कोलोकायरस रोबस्टस. आणली तेव्हा सात सेंटिमीटर, आता जेमतेम साडेचार. तोंडाभोवतीचे तुरे रोज उघडतात, रंगही ठीक. दुकानदाराचं म्हणणं, "पाण्यातल्या गाळावर जगते, वेगळं काही घालू नका." आणि तुमचा प्रश्न असा, की ही मेली तर विषाने मासे मरतील का?

मरू शकतात. पण त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुमची काकडी उपाशी आहे. अन्न कमी पडलं की हा प्राणी स्वतःचंच शरीर वापरत राहतो आणि महिनोन् महिने थोडा थोडा लहान होत जातो. शेवटच्या आठवड्यापर्यंत तुरे उघडे असतात, म्हणून मालकाला वाटतं सगळं आलबेल आहे.

सॅलिनिटी (खारेपणा), तापमान, अमोनिया यांवर लिहीत नाही. तुमचे आकडे चांगले आहेत.

त्या दुकानाच्या सल्ल्याबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. वाळू चाळणाऱ्या समुद्रकाकड्या वेगळ्या आणि पाण्यातून अन्न गाळून खाणाऱ्या वेगळ्या. पहिल्या प्रकारच्या वाळूवरचा गाळ खातात. तुमची पिवळी, गुलाबी-पिवळी पेंटॅक्टा, जांभळा सी ॲपल, या सगळ्या दुसऱ्या प्रकारातल्या. त्यांना तरंगतं अन्न तुऱ्यापर्यंत यावं लागतं. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) लावलेल्या स्वच्छ टँकच्या पाण्यात असं अन्न नैसर्गिक रीफच्या मानाने नगण्य असतं. "क्लीन-अप क्रू" (टँक साफ ठेवणारे प्राणी) अशी पाटी लावून हे प्राणी विकणं मला अक्षम्य वाटतं. परत विचारायला गेलं की "दुसरी घेऊन जा" हे उत्तर ठरलेलं. यात कोणाचंही नाव घेत नाही, पण गिऱ्हाइकाच्या टँकमध्ये प्राणी सहा महिन्यांनी मेला की दोष पाण्यावर जातो आणि पाटी तिथेच राहते.

ती खरंच खातेय का, हे आधी नीट बघा. दहा तुरे असतात, त्यातले दोन लहान. खाणारी काकडी एक तुरा हळूच आत वळवते, तोंडात घालते आणि चटणी लागलेलं बोट चाटावं तसा तो पुसून बाहेर काढते. मग दुसरा, मग तिसरा. घड्याळ लावून पाच मिनिटांत किती तुरे आत गेले ते मोजा. अन्न घातल्यावर पुन्हा पाच मिनिटं मोजा. अन्नानंतर आकडा वाढला तर ते अन्न तिच्या तुऱ्यांना चिकटतंय. काहीच फरक पडला नाही तर कणाचा आकार चुकतोय किंवा प्रवाह.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. दिवसातून एकदा पंप बंद करून पिपेटने फायटो (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल) थेट तुऱ्यावर सोडायचं. अशाने बहुतेक वेळा ती आक्रसून तुरे आत घेते, आणि पंप सुरू केला की राहिलेलं स्किमर ओढून नेतो. तिला एक मोठं जेवण नकोय, दिवसभर थोडं थोडं हवंय. म्हणून ठरावीक वेळी थोडं थोडं सोडणारा डोसिंग पंप घ्या, साधा एका नळीचा चालेल. तुमच्या टँकला, म्हणजे साधारण 280 लिटरला, घरी वाढवलेलं गडद हिरवं फायटो रोज 30 मिली द्यायला सुरुवात करा. दर आठवड्याला 15 मिली वाढवत 100 ते 120 मिलीपर्यंत न्या. ही मात्रा 24 तासांत 24 भागांत पडू द्या. नायट्रेट 15 पीपीएमच्या वर किंवा फॉस्फेट 0.1 च्या वर गेलं तर वाढवणं थांबवा आणि आधी पाणी बदला. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत, प्रत्येक टँक वेगळा.

फायटोमध्ये नुसतं नॅनोक्लोरॉप्सिस हे शैवाल पुरणार नाही. त्याची पेशी दोनेक मायक्रॉनची, आणि तुऱ्यावर जरा मोठे कण जास्त सहज अडकतात. टेट्रासेल्मिस हे दुसरं शैवाल त्याच्या कितीतरी पट मोठं असतं. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवा, देताना मिसळा. जोडीला 5 ते 50 मायक्रॉनची कोरल पावडर, चिमटीच्या टोकावर मावेल इतकीच, टँकच्या पाण्यात कालवून एक दिवसाआड. टर्की बास्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) रोज रात्री खडकांवरचा गाळ उडवा. हा फुकटचा खुराक आहे आणि दुकानदाराच्या बोलण्यात खरं असलेलं एवढंच.

फायटोचा डबा फ्रिजमध्ये किंवा थंड जागी ठेवा आणि रोज हलवा, पेशी तळाला बसतात. डोसिंगची नळी शक्य तितकी आखूड ठेवा आणि आठवड्याला धुवा, आत अडकलेलं फायटो कुजतं. कुजक्या अंड्यासारखा वास आला की सगळं फेकून द्या, वाचवायला जाऊ नका. बाजारातली दाट बाटली वापरणार असाल तर लेबलावरच्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरू करा. त्यातल्या पेशी बहुधा मेलेल्या असतात, उरलेलं सगळं पाण्यात सडतं.

पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा चालू असेल तर बंद करा, तो जिवंत फायटो मारतो. स्किमर पूर्ण बंद करू नका, टायमरवर दिवसाचे दहा-बारा तास चालवा आणि डोसचा मोठा वाटा तो बंद असतानाच्या तासांत ठेवा. 200 मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून (गाळणीच्या कापडी पिशवीतून) फायटो आरपार जातं, त्याची भीती नको. पण उडवलेला गाळ सॉक पकडतो, म्हणून रात्री बास्टर मारण्याआधी तो काढा.

लांबी मोजताना घाई नको. हा प्राणी पाणी आत घेतो आणि सोडतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आकार बदलतो. महिन्यातून एकदा, तुरे पूर्ण उघडलेले असताना, मागे काचेवर पट्टी चिकटवून फोटो काढा. लांबीबरोबर तुऱ्यांचा घेर बघा. अजून एक: कोलोकायरस आडवी तुटून दोन होते. एका रात्रीत निम्मी झाली आणि दुसरा तुकडा कुठे चिकटलेला सापडला तर ती भूक नव्हे. तुमची हळूहळू घटली, म्हणून मी भूक म्हणतोय.

आता विष. या गटात चिकट पांढरे धागे सोडण्याचा प्रकार नसतो, तो वाळूतल्या काही काकड्यांचा. इथे धोका त्वचेतल्या आणि आतड्यातल्या सॅपोनिन गटातल्या विषाचा, आणि ते माशांच्या कल्ल्यांवर आघात करतं. शांतपणे मेलेल्या काकडीने मोठ्या टँकमध्ये काहीच न झाल्याचीही उदाहरणं आहेत. घात होतो तो मुख्यतः पंपात ओढली जाऊन चिरडल्यावर. वेव्हमेकरवर (प्रवाह करणाऱ्या पंपावर) 10 पीपीआयचा, म्हणजे इंचाला दहा छिद्रांचा, जाड फोम चढवा. बारीक फोम अन्न अडवतो आणि लवकर तुंबतो. दर आठवड्याला धुवा. ओव्हरफ्लोच्या (टँकमधून पाणी बाहेर पडतं त्या जागेच्या) दातांवरही जाळी हवी, ही काकडी प्रवाह शोधत तिथवर चढते. हलवायची वेळ आली तर खडकासकट हलवा, ओढून काढलीत तर नळीपाय तुटतात.

मासे अचानक धापा टाकू लागले तर कारण शोधत बसू नका. मासे ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत एअर स्टोन लावून, काकडी दुसऱ्या बादलीत. निम्मं पाणी बदला, 250 ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन रिॲक्टरमध्ये (पाणी ज्यातून फिरवतात त्या नळकांड्यात), 24 तासांनी तो फेकून नवा. म्हणून दोन्ही वेळचा कार्बन आणि एका बदलापुरतं मीठ घरात असलंच पाहिजे. मी पशुवैद्य नाही, हौशी माणूस आहे, तेवढं गृहीत धरून वाचा.

दोन महिन्यांत घेर वाढला नाही तर सन कोरल, गॉर्गोनियन असे सतत खाऊ घालावे लागणारे प्रवाळ पाळणाऱ्या कोणाला तरी ती द्या. तिथे तिचं पोट आपोआप भरतं. समुद्रात सोडू नका.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: समुद्रकाकडीच्या सगळ्या जाती 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये घातल्या गेल्या. मुंबईत कोणी "देतो आणून" म्हणालं तरी घेऊ नका.

पुढच्या पोस्टमध्ये पट्टीसकट फोटो, स्किमरचे तास आणि पाच मिनिटांत किती तुरे आत गेले ते लिहा. मग मात्रा नक्की ठरवता येईल.