एकाच टाइप-सीतून दोन मॉनिटर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी पुण्यात घरून भाषांतराचं काम करते. लॅपटॉप मॅकबुक एअर एम१, २०२० चा. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे माझं भाषांतर आणि लॅपटॉपवर शब्दकोश असं मांडून बसायचं म्हणून दोन एचडीएमआयवाला टाइप-सी ॲडाप्टर घेतला. दोन्ही मॉनिटर चालू होतात, पण दोन्हींवर अगदी एकच चित्र येतं. सेटिंगमध्ये सगळं शोधून झालं, दुसरा मॉनिटर वेगळा दिसतच नाही. हाच ॲडाप्टर मिस्टरांच्या विंडोज लॅपटॉपला लावला तर मात्र दोन मॉनिटरवर दोन वेगळी चित्रं येतात. दुकानदार म्हणतो ॲडाप्टर ओके आहे, मॅक दाखवून आणा. काय करू?

उत्तर: मॅक कुठेही नेऊ नका, तो ठणठणीत आहे आणि ॲडाप्टरसुद्धा. तुम्ही तो दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघितलात हे फार बरं केलंत, अर्धं निदान तिथेच झालं.

टाइप-सी हा नुसता पिनचा आकार आहे. त्यातून व्हिडिओ जातो तो डिस्प्लेपोर्ट नावाच्या, मॉनिटरला चित्र पाठवायच्या पद्धतीने. आता एकाच डिस्प्लेपोर्टमधून दोन-तीन मॉनिटरची वेगवेगळी चित्रं पाठवायची सोय डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये, म्हणजे २०१० साली आली, तिला एमएसटी म्हणतात, आणि तुमचा ॲडाप्टर याच सोयीवर चालणारा आहे. विंडोज ती सोय वापरतं, मॅकओएस वापरत नाही. मॅक ॲडाप्टरला एकच चित्र देतो, मग ॲडाप्टर तेच दोन्ही एचडीएमआयना वाटतो. म्हणून सेटिंगमध्ये तुम्हाला दुसरा मॉनिटर सापडत नाही, मॅकच्या लेखी तो आहेच कुठे.

बरं मग दोन टाइप-सी पोर्ट आहेत तर दोन वेगळे साधे ॲडाप्टर लावू, असं मनात येईल, पण तेही चालणार नाही. एम१ एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, ही त्या चिपचीच मर्यादा आहे. एम२ एअरलाही तेच. एम३ एअरला दोन चालतात पण झाकण बंद ठेवून, आणि एम४ एअरपासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. एम१ प्रो चिपला दोन आणि एम१ मॅक्सला चार. इंटेलच्या जुन्या बऱ्याच मॅकबुकवर दोन मॉनिटर आरामात चालायचे, त्यामुळे 'माझ्या जुन्यावर तर चालत होतं' असं कोणी सांगितलं तर ते खोटं नाही, फक्त तुम्हाला लागू नाही.

मार्ग आहे, आणि तुमच्या कामाला तो चांगला जमेल. डिस्प्लेलिंक नावाची चिप असलेला ॲडाप्टर मिळतो. तो लॅपटॉपच्या व्हिडिओवर चालतच नाही, लॅपटॉपवरचं एक सॉफ्टवेअर स्क्रीनचं चित्र दाबून लहान करतं आणि साध्या डेटासारखं यूएसबीतून पाठवतं, पलीकडे ती चिप ते उलगडून मॉनिटरवर दाखवते. त्यामुळे एकचा नियम त्याला लागत नाही. पहिला मॉनिटर थेट टाइप-सीवर ठेवा (आताचा ॲडाप्टर त्यासाठी वापरता येईल, नवीन घ्यायची गरज नाही) आणि दुसरा डिस्प्लेलिंकवर. एअरला टाइप-सी पोर्ट दोनच, म्हणून या दोन ॲडाप्टरपैकी एकातून तरी चार्जिंग होतंय ना ते बघून घ्या, नाहीतर चार्जर लावायला जागाच उरणार नाही.

सॉफ्टवेअर टाकल्यावर ते स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागतं, हे वाचून बरेच जण घाबरून 'नाही' दाबतात आणि मग मॉनिटर काळाच राहतो. परवानगी द्यावी लागते, कारण स्क्रीनचं चित्र वाचल्याशिवाय ते पाठवणार काय. आणखी एक, ओटीटीवरचे सिनेमे या मॉनिटरवर बहुतेक काळे दिसतील, कॉपी-संरक्षणामुळे तसं होतं, बिघाड नव्हे. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी मी हा मार्ग कोणाला सुचवत नाही, चित्र किंचित मागे राहतं. पण तुमच्यासमोर मजकूर असतो, तो जागचा हलत नाही, तुम्हाला फरक जाणवणारसुद्धा नाही.

दुकानात मात्र नाव नीट वाचून घ्या. डिस्प्लेपोर्ट आणि डिस्प्लेलिंक ही नावं इतकी सारखी आहेत की काउंटरवरचा माणूस एकाच्या जागी दुसरं सहज देतो. खोक्यावर 'डिस्प्लेलिंक' हा शब्द स्पष्ट दिसत नसेल तर पैसे देऊ नका. आणि घरात बऱ्यापैकी नवा आयपॅड असेल तर आधी साइडकार, म्हणजे आयपॅडला मॅकचा जोडीचा स्क्रीन बनवायची सोय, वापरून बघा, शब्दकोश तिकडे टाकला की कदाचित तिसरं काही विकत घ्यावंच लागणार नाही.

प्रश्न: नागपूरहून लिहितोय. जीएसटी आणि ऑडिटची कामं करतो. विंडोज लॅपटॉप आहे, त्याला एक ४के मॉनिटर आणि एक साधा फुल एचडी. सात-आठ पोर्टवाला टाइप-सी हब घेतला, त्याला यूएसबी ३, लॅन, कार्ड रीडर सगळं आहे. एकटा ४के लावला तर चालतो पण माउस जड जड वाटतो, सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ (म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं) दाखवतो. दुसरा लावला की त्यावर 'नो सिग्नल'. दोन केबल बदलल्या, ड्रायव्हर अपडेट केला, फॉरमॅटसुद्धा मारून झालं.

उत्तर: फॉरमॅट मारायच्या आधी लिहायला हवं होतंत, तुमचा अख्खा दिवस वाचला असता. हा सगळा जागेचा प्रश्न आहे आणि तुम्ही आकडेमोडीतले आहात तर आकड्यांतच सांगतो.

टाइप-सीत वेगाने डेटा नेणाऱ्या चार लेन असतात. हबला यूएसबी ३ असेल तर दोन लेन पेनड्राइव्ह, लॅन, कार्ड रीडर यांच्यासाठी जातात आणि व्हिडिओला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने या दोन लेनमधून चित्राचा डेटा सेकंदाला साधारण ८.६ गिगाबिट जातो. आता खर्च बघा. फुल एचडी ६० हर्ट्झला लागतात सुमारे ३.३. ४के ६० हर्ट्झला सुमारे १२.८, म्हणजे तो एकटासुद्धा मावत नाही, म्हणून त्याला ३० हर्ट्झवर आणलं जातं, तिथे लागतात ६.३. माउस जड वाटतो तो यामुळे. आता ६.३ मध्ये दुसऱ्या मॉनिटरचे ३.३ मिळवा, झाले ९.६, आणि शिल्लक आहे ८.६. दुसऱ्याला जागाच नाही, तो 'नो सिग्नल' म्हणणारच.

खात्री करायची तर ४के मॉनिटर सेटिंगमधून फुल एचडीवर आणा आणि मग दुसरा लावा. दोन्ही मिळून ६.६ होतात, दुसरा लगेच उजळला तर समजा निदान बरोबर. तसं झालं नाही तर मग केबल, हब वगैरे एकेक करून तपासा.

इलाज फुकटाचा आहे, लॅपटॉपला बाजूला स्वतःचं एचडीएमआय असेल तर ४के मॉनिटर थेट त्यात लावा आणि हबमध्ये फक्त फुल एचडी ठेवा. लॅपटॉपचं एचडीएमआय २.० असेल तर ४के ६० हर्ट्झवर चालेल, १.४ असेल तर तिथेही ३० वरच अडेल, तेव्हा मॉडेलचं स्पेसिफिकेशन काढून बघा.

सगळं एकाच वायरीतून हवं असेल तर दोन रस्ते. लॅपटॉपच्या टाइप-सीजवळ विजेच्या बाणाची खूण असेल तर तो थंडरबोल्ट, म्हणजे टाइप-सीच्याच आकाराचा पण जास्त वेगाचा पोर्ट आहे, मग थंडरबोल्ट डॉक (त्या वेगावर चालणारा हब) घ्या, दोन ४के मॉनिटर ६० हर्ट्झवर झेपतात, पण किंमत झोंबते. दुसरा रस्ता लोकांना पटत नाही पण खरा आहे, ज्या हबचे यूएसबी पोर्ट जुन्या २.० वेगाचे असतात तो व्हिडिओला चारही लेन देऊ शकतो. मग जागा होते सुमारे १७.३ आणि तुमचे ४के ६० हर्ट्झचे १२.८ अधिक ३.३, एकूण १६.१, त्यात बसतात. फक्त हबचं एचडीएमआय २.० आहे ना ते बघून घ्या. पेनड्राइव्हवर कॉपी हळू होईल, पण तुम्ही दिवसभर बघता ते एक्सेल, पेनड्राइव्ह किती वेळा लावता? मी तुमच्या जागी असतो तर हाच घेतला असता. खोक्यावर पोर्टची संख्या मोठ्या अक्षरात असते आणि लेनचा हिशोब कुठेच छापलेला नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात लोकांचे पैसे दोन-दोनदा जातात.

प्रश्न: नवीन लॅपटॉप, टाइप-सी पोर्ट आहे, मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल थेट मॉनिटरला लावली. मॉनिटरला टाइप-सी आहे तरी काहीच येत नाही. (बदलापूर)

उत्तर: आधी केबल बदला. चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये व्हिडिओच्या तारा नसतातच, त्या चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरत्या. मॉनिटरच्या खोक्यातली केबल शोधा. तरीही नाही आलं तर लॅपटॉपच्या पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टची खूण, म्हणजे डी अक्षराच्या पोटात पी, किंवा विजेचा बाण आहे का बघा. खूण नसली तरी व्हिडिओ असू शकतो, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वाचा. पोर्टमध्ये व्हिडिओच नसेल तर कोणतीही केबल काही करणार नाही, एचडीएमआय वापरा.

प्रश्न: थोडं विचित्र वाटेल पण मी खुर्चीवरून उठले की मॉनिटर दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो. रोज नाही, थंडीत जास्त. घरचे हसतात.

उत्तर: त्यांना हा अंक दाखवा. हे खरोखर होतं. गॅसवर वरखाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीतून उठताना स्थिर विजेची बारीकशी ठिणगी पडते, तिच्या लहरी व्हिडिओ केबल पकडते आणि मॉनिटरचा सिग्नल क्षणभर तुटतो. थंडीत हवा कोरडी असते म्हणून तेव्हा जास्त. केबल आखूड आणि चांगल्या शील्डिंगची (बाहेरच्या लहरी अडवणाऱ्या आवरणाची) घ्या, खुर्चीच्या पायांपासून लांबून न्या, जास्तीची गुंडाळी टेबलाखाली लोंबत ठेवू नका. केबलवर फेराइटचा गोळा, म्हणजे अशा लहरी अडवणारा काळा ठोकळा, बसवला तरी फरक पडतो, तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो. आणि आठवडाभर लाकडी खुर्चीवर बसून बघा, काळं व्हायचं थांबलं तर मॉनिटर बदलायचा विचार डोक्यातून काढून टाका.