तिची सही तिलाच करू द्या

आदरणीय ताई,
माझी मुलगी बेळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या सेमला आहे. कॉलेजात आलेल्या एका कंपनीनं तिला घेतलंय. बेंगळुरूला जायचंय, वर्षाला साडेतीन लाख, जुलैत हजर व्हायचं. आनंद आहे, पण माझी झोप उडालीय. नंदगड ते बेळगाव बसनं येणं-जाणं सोडलं तर तिनं आजवर एकटीनं काहीच केलेलं नाही. फॉर्म हेच भरतात, बँकेतही हेच जातात. अभ्यास बुडेल म्हणून मी तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. आता हे म्हणतात, पहिले दोन महिने तू तिच्याजवळ जाऊन राहा. घरी सासूबाई आहेत, दोन म्हशी आहेत. जाऊ का? आणि नाही गेले तर या चार महिन्यांत तिला काय काय शिकवू?
– एक आई, नंदगड (ता. खानापूर)

जाऊ नका. पोचवायला म्हणून दोन दिवस जा, खोली बघा, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारा, गादी उलटून बघा आणि रात्रीच्या गाडीनं परत या.

हे शहाणपण मला ठेच लागून आलंय. मी तेहतीस वर्षं बँकेत काढली. काउंटरपलीकडे उभ्या राहणाऱ्या बापांना रोज सांगायची, "तुम्ही बोलू नका हो, खातं त्याचं आहे, त्याला बोलू द्या." आणि घरी? माझ्या मुलाचं खातं तो दहा वर्षांचा असताना उघडलं होतं. मूल अठराचं झालं की अल्पवयीनाचं खातं बदलून घ्यावं लागतं. नवी सही, नवा फोटो, नवी केवायसी. तो फॉर्म मीच घरी आणला आणि "परीक्षा होऊ दे" म्हणत कपाटात ठेवला. पोरगा बेंगळुरूला गेला. खोलीच्या डिपॉझिटचे पैसे मी त्याच जुन्या खात्यात टाकले होते. घरमालकापुढे उभा राहून पैसे पाठवायला गेला, तर खात्यावरचे व्यवहार बंद! रात्री साडेनऊला फोन: "आई, तू बँकेतच आहेस ना गं?" दुसऱ्या दिवशी मी त्याच्या सहीचं जुनं कार्ड काढून बघितलं. पूर्ण नाव, मराठीत, आणि वरची रेघ पट्टीनं मारलेली. चोवीस वर्षांच्या इंजिनियरची सही ती!

तर पहिलं काम हे. तुमच्या मुलीचं खातं स्कॉलरशिपसाठी लहानपणीच उघडलं असेल, तर ते मोठ्या माणसाचं झालंय का ते तिनंच जाऊन विचारावं, एकटीनं. मिस्टरांना त्या दिवशी बाजाराला पाठवा. बँकेत गेलीच आहे तर चेकबुक मागू दे. नोकरीवर हजर होताना बहुतेक ठिकाणी रद्द केलेला चेक मागतात. त्यावर तिरक्या दोन रेघा ओढून मध्ये 'रद्द' लिहायचं असतं आणि सही करायची नसते. हे ठाऊक नसलेली पदवीधर मुलं मी शेकड्यांनी पाहिलीत. कोऱ्या चेकवर झोकात सही ठोकून देतात! घरी बसून एकदा खरा चेकही लिहायला लावा. अक्षरी रकमेपुढे 'फक्त', आणि तारखेपासून तीन महिने गेले की तो चेक कागदच.

आता साडेतीन लाखांचं बघू. घरात तुम्ही बाराने भागून एकोणतीस हजार धरले असतील. तेवढे हातात यायचे नाहीत. कंपनी जो आकडा सांगते त्यात तिच्या पीएफमधला कंपनीचा वाटा आणि बहुधा ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळायची रक्कम) धरलेली असते. मूळ पगार (बेसिक) निम्मा धरला तर तो साधारण १४,५८० होतो. त्यावर कंपनीचे १२ टक्के आणि मुलीचे १२ टक्के, म्हणजे दोन वेळा १,७५०. ग्रॅच्युइटीचे सातशेच्या आसपास आणि कर्नाटकाचा व्यवसाय कर महिन्याला साधारण २००. हातात पडतात साडेचोवीस हजारांच्या आगेमागे. खोलीचं भाडं या आकड्यातून वजा करून मग बोला. मुलीलाच कागद-पेन्सिल घेऊन हा हिशोब मांडू दे. ऑफर लेटरमध्ये पगाराची फोड असते, ती तिनं वाचली आहे का, ते आजच विचारा. बहुतेक नसणार.

पीएफचं आणखी एक. पहिल्या नोकरीत पीएफचा जो यूएएन नंबर मिळतो तो जन्मभराचा. नोकरी बदलली की पोरं ती रक्कम काढून मोबाईल घेतात. तसं करू नये, नव्या कंपनीकडे वर्ग करून घ्यावी. कंपनीच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शनकडे जातो आणि त्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. मध्येच काढून घेतलं की ती वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

पहिला पगार महिना भरल्यावर येतो. तोवरच्या दीड महिन्याचा खर्च आणि डिपॉझिट हे घरून द्यावंच लागेल, त्यात लाज नाही. पण एकदम तिच्या खात्यात टाका आणि मग हिशोब मागू नका. पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) राहणार असेल तर आत शिरण्याआधी विचारायचं: सोडताना किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिटमधून काय कापणार, आणि हे कागदावर देणार का. तोंडी "ओके मॅडम"वर भरवसा नको.

स्वयंपाकाची एवढी काळजी करू नका. पुष्कळ पीजींत चूल पेटवूच देत नाहीत. ताप आला की खाता येईल असा मऊ भात तेवढा शिकवा, भाकरी दिवाळीला घरी आली की थापेल. कपडे मात्र आतापासूनच तिचे तिला धुऊ द्या.

कन्नडचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. खानापूर भागातल्या मुलींना शाळेतलं कन्नड वाचता येतं, बोलताना जीभ अडते. सीमाप्रश्न त्याच्या जागी राहू दे, आपलं काळीज कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण रात्री आठला रिक्षावाला दुप्पट पैसे मागतो तेव्हा भांडायला त्याची भाषा लागते. आपल्याकडचं कन्नड 'री'चं. हौद्री, बर्री. बेंगळुरूवाले ऐकून गालात हसतात. हसू देत! बोलणाऱ्या मुलीला फसवणं अवघड असतं. आणि बायकांच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेचं शून्य रुपयाचं तिकीट तिथल्या साध्या शहर बसमध्येही चालतं, एसी बसमध्ये नाही. आधार कार्ड जवळ असू दे.

शेवटचं, हे तुम्हीही पाठ करा. पैसे *घेण्यासाठी* फोनवर पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे पाठवलेत, पिन टाका" म्हणणारा चोर. फसलंच कोणी तर रडत बसायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर, तितकी रक्कम थांबण्याची आशा.

*

नमस्कार ताई, निकाल लागून सात महिने झाले, नोकरी नाही. युवा निधीचा (कर्नाटक सरकारच्या बेकार भत्त्याचा) अर्ज करतो म्हटलं तर वडील म्हणतात, फुकटचं घेऊ नको, गावात काय म्हणतील.
– येळ्ळूरचा एक पदवीधर

अर्ज कर. पदवीधराला महिन्याला ३,०००, डिप्लोमावाल्याला १,५००, नोकरी लागेपर्यंत किंवा जास्तीत जास्त दोन वर्षं. निकालानंतर १८० दिवस नोकरी नसावी ही अट तुझी पुरी झालीय. पुढचं शिक्षण चालू असेल तर मिळत नाही. शिकण्यातली किमान सहा वर्षं कर्नाटकात झालेली हवीत. तुमच्या भागातली जी पोरं कोल्हापूरला शिकली ती इथेच अडकतात. सेवा सिंधू या सरकारी वेबसाइटवर अर्ज होतो, कर्नाटक वन केंद्रातही भरून देतात. वडिलांना सांग, ते पैसे मी बसभाड्याला आणि मुलाखतीला जाण्याला वापरीन. आणि तसेच वापर.

*

ताई, मला एका ठिकाणी काम मिळतंय, पण दोन वर्षं सोडून जाणार नाही म्हणून सगळी मूळ मार्क्सकार्डं त्यांच्याकडे ठेवायला सांगतात. देऊ का?
– निपाणी

नाही. दाखव, झेरॉक्स दे, त्यावर स्वतःची सही आणि तारीख टाक, मूळ कागद त्याच पिशवीतून घरी आण. तपासायला ठेवून घेतो म्हणाले तर "मी इथेच बसतो, बघून द्या" म्हण. दुसरी नोकरी चालून आली की हेच कागद लागतात आणि ते दुसऱ्याच्या कपाटात असले की तू त्याच्या दारात उभा. एसएसएलसीपासूनची (दहावीपासूनची) सगळी मार्क्सकार्डं, टीसी आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आधी स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठव. मित्राच्या नाही, सायबर कॅफेवाल्याच्या तर नाहीच. मग त्यांना फोन लाव आणि विचार: मूळ कागदाशिवाय घेता का? नाही म्हणाले तर मला पुढच्या महिन्यात कळव, दुसरं काय बघता येईल ते लिहिते.