मुलगा डिफेन्सला, घर दोन तटांत

‘आम्ही कॅनडात, ओंटारिओतल्या मिल्टनला राहतो. मुलगा १४ वर्षांचा, आइस हॉकीत यू-१५ ट्रिपल ए मध्ये (पंधराखालच्या मुलांचा सर्वांत वरचा गट) डिफेन्स खेळतो. पुढचा मोसम संपला की ओएचएलचा, म्हणजे ओंटारिओच्या ज्युनियर लीगचा, ड्राफ्ट; त्यात संघ आपापले खेळाडू निवडतात. कोच म्हणतात, पोरात दम आहे. एका सल्लागाराचे दोनदा फोन आले, आत्ताच सही करा म्हणतो. नवरा म्हणतो, नववीत आलाय, हॉकी पुरे, आता गणित बघ. त्यावरून बापलेकांचं बोलणं बंद आहे. धाकटी आठवड्यातल्या चार संध्याकाळी रिंकच्या बाकावर बसून गृहपाठ करते. पुण्याहून आजोबा विचारतात, धनराज पिल्लेसारखा होणार का? त्यांना काय सांगू? डिफेन्समनचं करिअर म्हणजे नेमकं काय असतं, हेच आम्हाला माहीत नाही. ता. क. गेल्या महिन्यात बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, डोकं आपटलं होतं. दोन दिवस दुखत होतं, तिसऱ्या दिवशी खेळला. कोच म्हणाले ठीक आहे. आता बरा आहे. – एक आई’

ताई, मी ता. क. पासूनच सुरुवात करते. ड्राफ्ट, सल्लागार, गणित, सगळं चार दिवस थांबू शकतं. हे थांबू शकत नाही. डोकं आपटून दोन दिवस दुखत राहिलं, तर डॉक्टर ‘नाही’ म्हणेपर्यंत ते कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूला झालेली इजा, होतं असंच धरून चालायचं. या आठवड्यात त्याला फॅमिली डॉक्टरकडे न्या, कधी आपटलं, किती दुखलं, पुन्हा कधी खेळला, ते तारखांसकट सांगा, आणि तोवर त्याची बॅग गॅरेजमध्येच राहू दे. (एरवीही ती बॅग घरात घेण्याच्या लायकीची नसते, हॉकीवाल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.) तो रुसेल. रुसू दे.

ओटावाची रोवन स्ट्रिंगर २०१३ मध्ये १७ व्या वर्षी गेली. रग्बी खेळायची. पहिला मार बरा व्हायच्या आत काही दिवसांतच पुन्हा डोक्याला मार बसला. तिच्या नावाने ओंटारिओने २०१८ मध्ये कायदा केला: कन्कशनचा नुसता संशय आला तरी खेळाडूला ताबडतोब बाहेर काढायचं, आणि डॉक्टरने किंवा नर्स प्रॅक्टिशनरने तपासून हिरवा कंदील दाखवल्याशिवाय सामन्यात उतरवायचं नाही. दरवर्षी नोंदणी करताना ‘वाचलं, मान्य’ म्हणून आपण ज्यावर टिक करतो, ते हेच. कोचने ‘ठीक आहे’ म्हणणं त्यात कुठे बसत नाही.

मी इतकी मागे का लागले आहे, ते डिफेन्समनचं काम जवळून पाहिलं की कळतं. समोरचा संघ पक (चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती) तुमच्या कोपऱ्यात भिरकावतो. तो आणायला सगळ्यांत आधी मागे वळतो डिफेन्समन. पाठ मैदानाकडे, तोंड बोर्डकडे, आणि मागून पूर्ण वेगात धावून येणारा फॉरवर्ड. पकपर्यंत पोचायच्या आधी त्याने मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचं असतं, एकदा नाही, दोनदा. कोण येतोय, कुठल्या बाजूने येतोय, आपला जोडीदार कुठे मोकळा आहे, हे त्या क्षणात ठरतं. पुढच्या सामन्याला गोल मोजू नका, तो खांद्यावरून किती वेळा मागे बघतो ते मोजा. बघत नसेल तर कोचशी बोला. बॉडी चेकिंग, म्हणजे पक असलेल्याला अंगाने धडक देणं, हॉकी कॅनडाने २०१३ पासून ११-१२ वर्षांच्या गटातून काढून टाकलं, म्हणजे तुमचा मुलगा या धक्क्यांना अजून नवाच आहे.

स्टीव्ह मॉन्टाडोर हा डिफेन्समन तुमच्या शेजारच्या मिसिसागात वाढला. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही, तरी एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, ५७१ सामने खेळला. कन्कशन्सनी त्याचं खेळणं संपवलं. २०१५ मध्ये तो ३५ व्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा सीटीई, म्हणजे वारंवार डोक्याला मार बसलेल्यांमध्ये आढळणारा मेंदूचा आजार, सापडला. हे मुलाला घाबरवायला सांगू नका, पण तुम्हा दोघांना माहीत असलं पाहिजे.

आता करिअर. आकडा आधी सांगते, म्हणजे तुमचे मिस्टर पुढचं वाचतील. एनएचएलमध्ये ३२ संघ, सामन्याला प्रत्येकाचे साधारण सहा डिफेन्समन. सगळे संघ एकाच रात्री खेळले तरी साऱ्या जगातून १९२ जण. २०२५-२६ मध्ये तिथला किमान पगार वर्षाला ७,७५,००० अमेरिकी डॉलर आहे, आणि घराघरांत डोळ्यांपुढे असतो तो हाच आकडा. पण तरुण खेळाडूचा करार बहुधा दुहेरी असतो: वर खेळलास तर हा पगार, खाली एएचएलमध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या लीगमध्ये, पाठवलं तर त्याचा एक छोटा हिस्सा. त्याखाली ईसीएचएल, मग जर्मनी, स्वीडन, स्लोव्हाकियातल्या लीग. हॉकीवर पोट भरणारे बरेच जण याच मधल्या पट्ट्यात असतात, दर एकदोन वर्षांनी गाव बदलत. वाईट आयुष्य नाही ते. पण मिल्टनमध्ये घराचे हप्ते फेडत बसलेल्या आईबापांच्या डोक्यात जे चित्र असतं, ते हे नव्हे.

आणि मला खरं सांगायचंय ते पुढेच आहे. डिफेन्समन उशिरा पिकतो. त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या वर्षाच्या ड्राफ्टवरून त्याचं काय होणार, हे कुणालाही, अगदी खेळाडू हेरणाऱ्या पगारी स्काउटलासुद्धा, धड सांगता येत नाही.

२०१२ चा एनएचएल ड्राफ्ट बघा, तो तर त्याहून मोठ्या मुलांचा. पहिल्या दहांत आठ डिफेन्समन निवडले गेले. चौथा होता ग्रिफिन राइनहार्ट, उंच, धिप्पाड, वडील स्वतः एनएचएलचे डिफेन्समन. सगळं जुळलेलं. तो एनएचएलमध्ये एकूण ३७ सामने खेळला. त्याच ड्राफ्टमध्ये कोल्टन पॅरेको ८६ वा गेला. आदल्या वर्षीही तो पात्र होता, पण कुणी हात लावला नव्हता. तो अलास्कातल्या विद्यापीठात शिकत खेळला आणि २०१९ मध्ये सेंट लुइसकडून स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. जेकब स्लेविन तर १२० वा. तोही कॉलेजातून आला, आणि आज बचावात त्याच्या तोडीचे मोजकेच सापडतील. मागे गेलात तर आणखी गंमत आहे: निकलस लिडस्ट्रॉम १९८९ मध्ये ५३ वा, झ्डेनो चारा १९९६ मध्ये ५६ वा, डंकन किथ २००२ मध्ये ५४ वा. तिघेही आता हॉल ऑफ फेममध्ये आहेत. किथ ड्राफ्टनंतर दोन अख्खे मोसम नॉरफोकला एएचएलमध्ये घासत होता. मग शिकागोकडून तीन कप. (२०१० मध्ये पक तोंडावर बसून त्याचे सात दात गेले आणि तो त्याच सामन्यात परत बर्फावर आला. ही गोष्ट तुमच्या मुलाला पाठ असणार. तेव्हा त्याला दात आणि मेंदू यांतला फरक समजावून सांगा.) आणि टोरांटोचा मार्क जिओर्दानो कुठल्याच ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. मध्ये एक मोसम मॉस्कोत खेळून आला आणि ३५ व्या वर्षी, २०१९ मध्ये, सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी घेऊन बसला.

असं का होतं? गोल करणाऱ्याचे हात तेराव्या वर्षीही दिसतात. डिफेन्समनचं काम म्हणजे अंतर राखणं, मागे सरकत समोरच्याला बोर्डकडे ढकलत नेणं, पहिला पास बिनचूक देणं. हे यष्टिरक्षकासारखं आहे, नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, चुकलं की सगळ्या स्टेडियमला दिसतं. शिवाय अंगात भर पडायला विशी उजाडते, आणि कोच शेवटच्या मिनिटाला भरवसा टाकतो तो चुका करून झालेल्या माणसावर. म्हणून पुढच्या वर्षी त्याचं नाव पहिल्या फेरीत आलं तर पेढे वाटा, पण नोकरी लागली असं समजू नका. नाही आलं, तर घरात सुतक पाळू नका.

ओएचएलने निवडलं म्हणजे काय, तेही समजून घ्या. २० संघ, वर सू सेंट मरीपासून खाली पेनसिल्व्हेनियातल्या ईरीपर्यंत. संघाला त्याला बोलवायचा हक्क मिळतो, इतकंच. बोलावलं तर १६ वर्षांचा मुलगा परक्या गावात बिलेट कुटुंबात, म्हणजे खेळाडूला घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबात, राहणार, तिथल्या शाळेत जाणार, मोसमात ६८ सामने आणि बसमधल्या रात्री. पुढे ट्रेड झाला, म्हणजे संघाने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, तर गाव, शाळा, बिलेट सगळं बदलणार. काही मुलं यात फुलतात. काही रात्री आईला फोन करून काहीच बोलत नाहीत. तुमचा कुठला, हे तुम्हालाच जास्त कळेल.

पूर्वी इथे मोठा पेच होता. ओएचएलमध्ये एक सामना खेळलात की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार बंद. एनसीएएने, म्हणजे तिथले कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेने, तो नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून ओएचएलसारख्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांनाही कॉलेजात खेळता येतं. तेव्हा ‘आत्ता ठरवा, नाहीतर गाडी चुकेल’ असं कुणी सांगत असेल, तर तो जुन्या वेळापत्रकावर बोलतोय किंवा त्याचा त्यात काही फायदा आहे. शिवाय ओएचएलमधल्या प्रत्येक मोसमामागे एक वर्षाची शैक्षणिक मदत मिळते. ती कधीपर्यंत वापरायची, व्यावसायिक करार केला तर काय होतं, हे करारात लिहिलेलं असतं. ती पानं मिस्टरांना वाचायला द्या. ज्यांचा हॉकीला विरोध आहे, तेच असले कागद सगळ्यांत बारकाईने वाचतात.

आणि त्यांना हेही सांगा की गणित सोडून हॉकी हा पर्यायच अस्तित्वात नाही. एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनला नववीपासूनचे १६ मुख्य विषय मोजले जातात, त्यात चार वर्षांचं इंग्रजी आणि तीन वर्षांचं गणित. त्यातले दहा तर बारावीत पाऊल टाकायच्या आत पुरे व्हावे लागतात. म्हणजे या वर्षीचे मार्कही धरले जाणार. बापलेक दोघे एकाच बाजूला आहेत, त्यांना ते माहीत नाही एवढंच. शनिवारी दोघांना त्या नियमांसमोर बसवा, तुम्ही तिथे थांबू नका. पण सामन्यानंतर परतताना गाडीत मात्र क्लास नको, ना गणिताचा, ना डिफेन्सचा.

पैशाचं थोडक्यात. ३०० डॉलरची काठी मोडली की दुसरी आणावीच लागते, ते समजू शकते. पण घरावर कर्ज काढून खासगी अकादमी नको. वर सांगितलेल्या नावांतून एवढं तरी दिसतं की चौदाव्या वर्षी पुढे असणं विकत घेऊन विसाव्या वर्षाची हमी मिळत नाही.

आता तो सल्लागार. आत्ता कसलीही सही नाही. बॉबी ऑरचं नाव तुमच्या मुलाला विचारा, डोळे चमकतील. पॅरी साउंडचा पोरगा, डिफेन्समनने गोल करायचे असतात हे त्याने जगाला दाखवलं, सलग आठ नॉरिस ट्रॉफ्या. त्याचा एजंट होता अ‍ॅलन ईगलसन, ऑर ज्याला भावासारखा मानायचा, आणि जो त्याच वेळी खेळाडूंच्या संघटनेचाही प्रमुख होता. १९७६ मध्ये बॉस्टनने ऑरला क्लबची १८.५ टक्के मालकी देऊ केली होती, ते ईगलसनने त्याला सांगितलंच नाही. ऑर शिकागोला गेला, गुडघे संपलेले होते, १९७८ मध्ये तिशीत निवृत्त झाला तेव्हा हातात जवळपास काही नव्हतं. ईगलसनने १९९८ मध्ये फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि तुरुंगात गेला. माणूस गोड बोलतो, आपल्यावर विश्वास टाकतो, म्हणून कागद न वाचणं हे ऑरसारख्यालाही भोवलं.

तेव्हा त्या फोनवाल्याला इतकंच विचारा: एनएचएल खेळाडू संघटनेकडून तुम्ही प्रमाणित एजंट आहात का? तुमचे पैसे कुठून येतात? कॉलेजची पात्रता तुमच्या करारामुळे धोक्यात येणार नाही, हे लिहून द्याल का? आणि तुमच्याकडे चौदाव्या वर्षी आलेले, पण पुढे व्यावसायिक न झालेले, असे दोन खेळाडू आमच्याशी बोलतील का? शेवटच्या प्रश्नावर गडबडला तर फोन ठेवून द्या. आणि कागद हातात आलाच, तर दोनशे-चारशे डॉलर जातील, पण स्वतःच्या वकिलाला दाखवा, त्याने सुचवलेल्या नव्हे.

आजोबांना सांगा, धनराज पिल्ले फॉरवर्ड होते, नातू मागे खेळतो. पुढच्या वेळी सामना चालू असताना व्हिडिओ कॉल लावून द्या, म्हणजे पक कुठे गेला ते विचारण्यात त्यांचा वेळ जाईल आणि पुढचा प्रश्न येणार नाही.

धाकटीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय. चार संध्याकाळी रिंकवर ही तिची शिक्षा आहे, तिने काही केलेलं नसताना. संघातल्या दुसऱ्या घरांशी बोलून गाड्यांच्या पाळ्या लावा, म्हणजे त्यातल्या दोन संध्याकाळी तरी घरी जातील. सप्टेंबरात टूर्नामेंट आणि मंडळाचा गणपती एकाच शनिवार-रविवारी आले, आणि ती नाचात असेल, तर आई-बाबांपैकी एकजण नाचाला. कोण, ते तिला ठरवू दे. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मात्र मला जरूर कळवा.