“बरोबर” या शब्दापाशी अडलेले बीजगणित

“मॅडम, याला बीजगणित जमणारच नाही का हो?” सातवीतल्या मुलाला घेऊन आलेल्या आईने खुर्चीत बसण्याआधीच विचारले. हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात, म्हणून त्या मुलाची ओळख उघड होणार नाही अशा बेताने तो अनुभव येथे लिहीत आहे.

मुलाचे अंकगणित चांगले होते. पाढे पाठ होते, अपूर्णांकांची भीती नव्हती. त्यामुळे अध्ययन अक्षमतेची चाचणी लगेच करावी असे मला वाटले नाही. (जे मूल पहिली-दुसरीपासून संख्यांचा लहानमोठेपणा ओळखतानाच चाचपडते, त्याची तपासणी मात्र लांबणीवर टाकू नये.) आई रोज रात्री त्याच्याकडून २० समीकरणे सोडवून घेत असे आणि त्यातली बहुतेक चुकत.

वहीत ३क्ष = १२ याखाली त्याने क्ष = १२ ÷ (−३) = −४ असे लिहिले होते. “पलीकडे गेले की चिन्ह बदलते ना?” असे तो म्हणाला. ऐकलेला नियम तो इमानेइतबारे पाळत होता. मग मी ८ + ४ = □ + ५ लिहून दिले, तेव्हा त्याने क्षणात चौकटीत १२ भरले. अडचण येथे होती. “=” हे चिन्ह आपण “बरोबर” असे वाचतो, आणि सहा वर्षे बेरजा-वजाबाक्या केलेल्या मुलाला त्या शब्दात “उत्तर लिही” एवढेच ऐकू येते, “बरोबरी” ऐकू येत नाही.

पुढच्या भेटीत मी तागडी आणली. एका पारड्यात सारख्या गोट्या भरलेल्या दोन पुड्या व ३ सुट्या गोट्या, दुसऱ्यात ११ गोट्या आणि पुड्यांच्या कागदाचे वजन भरून निघावे म्हणून तसेच दोन कोरे कागद ठेवले. त्याने पहिल्या पारड्यातून ३ गोट्या काढल्या, तसे ते पारडे वर गेले. मी काही बोलण्याआधीच त्याचा हात दुसऱ्या पारड्याकडे वळला आणि तेथूनही ३ निघाल्या. उरलेल्या ८ गोट्यांचे त्याने दोन वाटे केले आणि मगच पुडी उघडून पाहिली. २क्ष + ३ = ११ हे त्यानंतर वहीत उतरले. भास्कराचार्य बाराव्या शतकात अज्ञात संख्येला “यावत्तावत्”, म्हणजे जितके असेल तितके, म्हणत, हे सांगितल्यावर तो पुडीलाच यावत्तावत् म्हणू लागला.

तागडी सर्वत्र चालत नाही. क्ष + ५ = २ मध्ये उणे तीन गोट्या ठेवणार कुठे? म्हणून तेथून पुढे मी ताळ्यावर भर दिला: आलेली किंमत मूळ समीकरणात घालायची आणि दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचे. घरी २० ऐवजी ४ उदाहरणे सोडवायची, प्रत्येकाचा ताळा करायचा आणि आईने “चुकले” न म्हणता “ताळा दाखव” एवढेच म्हणायचे, असे ठरले. आईला हे मुलापेक्षा जड गेले. हात आपोआप लाल पेनाकडे जातो, असे तिने मोकळेपणाने सांगितले.

दीड महिन्याने तिने वही आणली. एका उदाहरणाचा ताळा जुळला नव्हता. त्याने कोणाला न विचारता एकेक ओळ मागे जाऊन चिन्हाची चूक शोधली होती आणि तिच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला होता.